राख त्यांची, राखण माझी

मी सिगरेट ओढत नाही. त्यामुळे मित्रमंडळींत माझ्याकडे एक खातं कायमचं आलेलं आहे: सामान सांभाळणे.

पबमध्ये आम्ही पाच जण बसतो. पहिला ग्लास अर्धा होतो न होतो तोच एकजण खिसा चाचपतो. खिसा चाचपणं हे जांभईसारखं असतं, एकाचं बघून दुसऱ्याला येतं. अर्ध्या मिनिटात चौघंही चाचपत असतात. मग "आलोच दोन मिनिटांत" म्हणून सगळे उठतात आणि माझ्यासमोर उरतात चार जॅकेटं, दोन पर्स, एक हेल्मेट, चार्जिंगला लावलेला एक फोन आणि "हा उचलू देऊ नकोस हं" असं बजावून ठेवलेला तळाशी घोटभर उरलेला ग्लास. हे चौघे माझे धुरंधर. राख ते बाहेर झाडतात, राखण मी आत करतो.

त्यांच्या दोन मिनिटांत एक सिगरेट, दाराबाहेर भेटलेला कुणीतरी ओळखीचा, "अर्धी दे ना" म्हणून सुरू झालेली दुसरी सिगरेट आणि लायटर परत कुणाच्या खिशात गेला याची चौकशी, एवढं सगळं बसतं. मी घड्याळ लावून बघितलं आहे. बघायला दुसरं काही नसतंच. तेवढ्यात वेटर येऊन "सर, कुणी येणार आहे का?" असं इतक्या हळुवारपणे विचारतो, की माझा आज कुठेतरी प्रेमभंग झालाय अशी मलाच शंका यावी. मग शेजारच्या टेबलावरून खुर्चीची मागणी होते. "माणसं आहेत," मी म्हणतो. "कुठे आहेत?" "बाहेर आहेत." आपण कायमच्या गेलेल्या माणसांबद्दल बोलतोय असा माझा सूर लागतो, आणि समोरचा माणूस सहानुभूतीने मान हलवत खुर्ची घेऊन जातो. राखणदाराला स्वतःला उठायची सोय नसते, ही अडचण तर मी फोडून सांगत बसत नाही. ग्लास मीही रिकामा केलेला असतो, एवढंच म्हणतो.

आणि गंमत अशी, की पबच्या आत सिगरेट ओढण्यावरची ही बंदी मलाच हवी होती.

बंदीच्या आधी माझ्या हातात एकच शस्त्र होतं. खोकला. पहिला, कुणालाही उद्देशून नसलेला, घसा साफ करण्याचा. दुसरा, हाताने समोरची हवा बाजूला सारत केलेला. तिसरा मात्र मी अनेक वर्षांच्या रियाजाने बसवला होता: आधी एक छोटा, मग किंचित थांबून धुराच्या उगमाकडे टाकलेली जखमी नजर, आणि मग छातीच्या तळातून एक मोठा. त्यात डोळ्यांत पाणी आलं तर सोन्याहून पिवळं. या तिसऱ्या खोकल्याने एकदा खरोखरच एका माणसाचं हृदय हेलावलं. तो आपल्या टेबलावरून उठला, मला पाण्याचा ग्लास आणून दिला, "सावकाश, सावकाश" म्हणत पाठीवर थोपटलं आणि परत जाऊन दुसरी पेटवली.

तेव्हा कुठे कुठे धूम्रपान न करणाऱ्यांसाठी वेगळी टेबलं असायची. ही व्यवस्था धुराला मात्र कुणी कळवलेली नसायची.

म्हणून २९ मार्च २००४ ला आयर्लंडने पबसकट कामाच्या सगळ्या बंदिस्त जागांत सिगरेट बंद केली, तेव्हा मी त्या देशाच्या प्रेमातच पडलो. पब हा ज्या देशाचा दिवाणखाना, त्याने हे करावं! पब ओस पडतील, भांडणं होतील, कुणी ऐकणार नाही, अशी भाकितं भरपूर झाली होती. प्रत्यक्षात लोकांनी काय केलं, तर ग्लास खाली ठेवले आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. पाठोपाठ त्याच वर्षी नॉर्वे आणि न्यूझीलंड, २००५ च्या जानेवारीत इटली, २००६ मध्ये स्कॉटलंड, २००७ च्या १ जुलैला इंग्लंड. भारताने २००८ सालची २ ऑक्टोबर ही तारीख निवडली. आयर्लंडच्या कायद्यातली खुबी मला फार आवडली होती. त्याने गिऱ्हाइकाला उपदेश केलाच नाही. त्याने बोट दाखवलं काउंटरमागच्या माणसाकडे. गिऱ्हाईक दोन तासांनी घरी जातं, पण ग्लास भरणारा तिथे रात्रभर उभा असतो आणि पगारात धूर मोजून घेतलेला नसतो. या युक्तिवादापुढे "माझं आयुष्य, माझी फुप्फुसं" हे पालुपद जरा लंगडं पडतं. पुढे बारमधल्या नोकरवर्गाच्या तपासण्या झाल्या, तेव्हा त्यांचे खोकल्याचे आणि श्वासाचे त्रास बंदीनंतर कमी झालेले दिसलेही. त्यांचा खोकला अर्थात खरा होता.

ही सगळी विद्वत्ता मला खुर्च्या राखता राखताच प्राप्त झाली आहे. चार रिकाम्या खुर्च्या आणि हातात फोन असला, की माणूस कुठल्याही विषयात पारंगत होतो.

तर बंदी आली, धूर गेला. सगळ्यात आधी लक्षात आलं की पबला स्वतःचा एक वास असतो. इतकी वर्षं धुराने त्यावर पांघरूण घातलं होतं. ते निघाल्यावर खाली सापडलं ते गालिच्यात मुरलेली जुनी सांडलवंड, घाम आणि स्वच्छतागृहाचं ते फटीचं दार. ही तक्रार पुष्कळ देशांतल्या पुष्कळ लोकांनी केली आहे, म्हणजे माझंच नाक वाकडं नाही. पण वासाचं सोडा. धुराबरोबर गप्पाही बाहेर गेल्या, हे दुःख मोठं. आत असताना आमचे धुरंधर हवापाण्याबद्दल बोलतात. नोकरी कुणाची गेली, लग्न कुणाचं मोडतंय, बॉस नेमका काय म्हणाला, हे सगळं दाराबाहेर होतं. चौघे हसत हसत आत येतात, बसतात, एकजण "पण तिसऱ्या मजल्यावरून!" म्हणतो आणि पुन्हा स्फोट होतो. मी विचारतो, "काय तिसऱ्या मजल्यावरून?" "अरे, तू नव्हतास का? जाऊ दे, आता परत सांगण्यात मजा नाही." आयर्लंडमध्ये तर दाराबाहेरच्या या धूम्रपानातून जमणाऱ्या जोड्यांसाठी 'स्मर्टिंग' असा स्मोकिंग आणि फ्लर्टिंगचा जोडशब्दच चालू लागला. आत जॅकेटं राखणाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या प्रेमासाठी कुठल्याही भाषेत शब्द झालेला नाही.

शेवटी मीही बाहेर जाऊ लागलो. टेबल जाऊ नये म्हणून हेल्मेट खुर्चीवर बसवायचं आणि बाकीचा सगळा संसार अंगावर घ्यायचा. दोन खांद्यांना दोन पर्स, दोन्ही हातांवर दोन-दोन जॅकेटं. पाऊस असला की सगळे छज्ज्याखालच्या फूटभर कोरड्या पट्टीत भिंतीला पाठ लावून उभे, आणि वारा हमखास माझ्याच दिशेने. इथे आणखी एक शास्त्रीय सत्य समजलं. ओढणाऱ्याच्या तोंडात जाणारा धूर फिल्टरमधून जातो. पण दोन झुरक्यांच्या मध्ये सिगरेटच्या पेटत्या टोकातून जो नुसताच निघत राहतो, त्याला फिल्टरबिल्टर काही नसतो, आणि शेजाऱ्याच्या वाट्याला बराचसा तोच येतो. म्हणजे चौघांत चार फिल्टर, आणि पाचवा मी, बिनफिल्टरचा. बंदीच्या आधी मी समोरच्या टेबलावरचा धूर खात होतो. आता बंदी आणल्याबद्दल मनातल्या मनात आभार मानत हातभर अंतरावरून खातो.

बरं, धुरंधर बंदीच्या विरोधात असतील असं वाटत असेल तर तसंही नाही. चौघंही बंदीच्या बाजूचे आहेत. "आतमध्ये नकोच, कपड्यांना वास येतो," असं त्यांतला सगळ्यात मोठा धूमकेतू म्हणतो. हे आमच्यापुरतंच नाही. बंदी आल्यावर काही काळाने ओढणाऱ्यांतलाही तिचा पाठिंबा वाढतो, असं आयर्लंडमध्येही दिसलं. प्रत्येकाला फक्त एक सवलत हवी असते. स्वतःपुरती. एकाला वाटतं, रात्री अकरानंतर चालायला हवं. दुसऱ्याला वाटतं, पावसात तरी. तिसरा मोटारींच्या धुराबद्दल विचारतो आणि चौथा नव्वदीपर्यंत जगलेल्या आजोबांना पुढे करतो. या आजोबांना मी आता ओळखू लागलो आहे. ते प्रत्येक वादात येतात आणि दर खेपेला दोन-चार वर्षं जास्त जगतात.

सवलतीची ही परंपरा जुनी आहे. इराणच्या शाह अब्बासने तंबाखूवर बंदी घातली होती. जहांगीरनेही १६१७ मध्ये घातली. स्वतः मद्य आणि अफूवर पोसलेल्या बादशहाला तंबाखू मात्र खपली नाही. तर जहांगीरचा वकील खान आलम इराणच्या दरबारी गेला. हा गृहस्थ तंबाखूवाचून क्षणभर राहू शकत नाही, असं शाहच्या कानावर गेलं. शाहने शेर लिहून त्याला परवानगी दिली, आणि खान आलमनेही शेर लिहूनच आभार मानले. पबच्या दारावरच्या माणसाशी असं शायरीत बोलून बघावं, असं मी धुरंधरांना सुचवलं आहे.

सगळ्यांना शाह अब्बास कुठून भेटणार? मग लोक डोकं चालवतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने नाटकातल्या नटांना प्रयोगात सिगरेट ओढायची मुभा ठेवली होती. २००८ मध्ये तिथल्या काही बारवाल्यांनी जाहीर केलं, की आज आमच्याकडे नाटक आहे आणि आत बसलेले सगळे नट आहेत. भूमिका काय, तर बारमध्ये बसून सिगरेट ओढणाऱ्या माणसाची. तालीम अनेक वर्षांची. आरोग्य खात्याला हा प्रयोग पसंत पडला नाही, ही गोष्ट वेगळी. जर्मनीत बव्हेरियामध्ये खासगी मंडळांना सूट मिळताच पबांचीच मंडळं झाली. सभासद व्हा आणि ओढा. शेवटी ४ जुलै २०१० ला सार्वमत झालं आणि मत देणाऱ्यांपैकी ६१ टक्के लोकांनी सूटबिट काही नको म्हणून सांगितलं. नेदरलँड्सची तऱ्हा आणखी निराळी. २००८ पासून तिथल्या कॉफी शॉपमध्ये नुसता गांजा ओढलेला चाले, त्यात तंबाखू मिसळली की कायदेभंग! हे वाचलं तेव्हा मी एकटाच इतका मोठ्याने हसलो, की वेटर पुन्हा चौकशीला आला.

विमान बनवणाऱ्यांना मात्र माणूस नीट कळला आहे. विमानात सिगरेट बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी शौचालयाशी राखदाणी असावीच लागते, तसा नियमच आहे. बंदी असूनही कुणीतरी ओढणार, आणि मग त्याने थोटूक कागदांच्या कचऱ्यात टाकण्यापेक्षा राखदाणीत विझवलेलं बरं. वर 'ओढू नका' आणि खाली 'ओढलीच तर इथे विझवा'. माझी बायको माझ्याशी साधारण याच धोरणाने वागते.

आणि एवढे कायदे माझ्या बाजूने असून प्रत्यक्ष कुणाला "विझवा" म्हणण्याची वेळ आली, की माझी जीभ टाळ्याला चिकटते. एकदा प्रतीक्षालयात, बरोबर पाटीखाली, एक गृहस्थ ओढत होते. आजूबाजूचे दहा-बारा जण नाकं मुरडत होते, पदर-रुमाल तोंडाला लावत होते, पण बोलत कुणी नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. तिसऱ्या प्रकारचा खोकला वाया गेल्यावर मी उठून त्यांच्यापाशी गेलो आणि म्हणालो, "माफ करा, जरा सिगरेट..." त्यांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. दिलदारपणे पाकीट पुढे केलं. "नको, थँक्यू," मी म्हणालो, आणि परत येऊन बसलो. थँक्यू कशाबद्दल म्हणालो ते अजून कळलेलं नाही. मघाशी नाकं मुरडणारे सगळे आता माझ्याकडे 'उगीच कशाला भांडण उकरून काढता' अशा नजरेने बघत होते.

गेल्या आठवड्याची गोष्ट. पाऊस होता, आम्ही त्या फूटभर पट्टीत उभे होतो. मी नेहमीप्रमाणे दोन पर्स आणि चार जॅकेटांनिशी. एका धुरंधराचा फोन वाजला. "आईचा फोन! धर, धर," म्हणत त्याने पेटती सिगरेट माझ्या बोटांत खुपसली. वय वर्षं पंचेचाळीस, पण आईला फोनवरूनही वास येतो अशी त्याची पक्की समजूत. मी ती सिगरेट मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तशी अंगापासून लांब धरून उभा राहिलो. तेवढ्यात पबचं दार उघडलं आणि एक बाई बाहेर आल्या. आधी एक छोटा खोकला झाला. मग त्या थांबल्या. माझ्या हाताकडे, मग खांद्यावरच्या दोन पर्सकडे आणि शेवटी माझ्या तोंडाकडे त्यांनी जखमी नजरेने बघितलं. आणि मग छातीच्या तळातून तो मोठा आला. डोळ्यांत पाणीसुद्धा. मधलं थांबणं तर माझ्यापेक्षा सरस.

मी काही खुलासा करणार, तोच शेजारून आवाज आला.

"नाही गं आई, मी कुठे? हा आहे ना बरोबर, तो ओढतोय. हो ना, किती वेळा सांगितलं त्याला!"