स्वागताचा नारळ

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिले क्रेडिट कार्ड मिळत नाही, कारण त्याच्याकडे आधीचे एकही कार्ड नसते. आणि पंधरा वर्षांनी त्याच माणसाला विसाव्या कार्डाचा बोनस मिळत नाही, कारण त्याच्याकडे आधीची एकोणीस असतात. या दोन नकारांच्या मधल्या काळाला क्रेडिट हिस्टरी म्हणतात. पहिला नकार फुकट मिळतो, त्यासाठी विमानातून उतरणे पुरेसे असते. दुसरा मात्र कष्टाने कमवावा लागतो, आणि तो कसा कमवावा याचे पद्धतशीर मार्गदर्शन मराठीत कोणी केलेले दिसत नसल्यामुळे हा प्रपंच.

सुरुवातीचा काळ नम्रतेचा असतो. बँक आपल्याकडून पाचशे डॉलर अनामत ठेवून घेते आणि पाचशे डॉलर मर्यादेचे कार्ड देते. म्हणजे आपलेच पैसे आपल्याला उधार मिळतात आणि ते आपण वेळेवर परत केले की आपल्या सचोटीची दफ्तरी नोंद होते. वर्ष-दीड वर्ष दूध, पेट्रोल आणि फोनचे बिल असल्या सोज्वळ खर्चांची परतफेड करत राहिले की ३०० ते ८५० या मापातला आपला क्रेडिट स्कोअर सातशेच्या वर सरकतो आणि टपालपेटीत जाड, गुळगुळीत लिफाफे पडू लागतात. पहिल्या तीन महिन्यांत चार हजार डॉलर खर्च करा आणि साठ हजार पॉइंट्स मिळवा, म्हणजे अगदी रोखीत काढले तरी सहाशे डॉलर, असा त्यातल्या मजकुराचा मथितार्थ असतो. यालाच वेलकम बोनस म्हणतात. लग्नातल्या आहेराचे पाकीट न उघडता आतला आकडा सांगू शकणाऱ्या समाजातल्या माणसाने हा लिफाफा न उघडता केरात टाकावा, अशी अपेक्षा कोणी करू नये. आपण तो अवश्य उघडावा.

यानंतर शिकायची पहिली गोष्ट म्हणजे खर्चाला मुहूर्त लावणे. गरज पडली म्हणून वस्तू घेणे ही नवशिक्याची खूण आहे. जाणकार माणूस कार्ड मंजूर झाले म्हणून वस्तू घेतो. घरातले वॉशिंग मशीन खडखडू लागले तर ते बंद पडेपर्यंत धीर धरावा आणि बंद पडल्यावर नवे कार्ड हाती येईपर्यंत आणखी थोडा धीर धरावा, कारण जुन्या कार्डावर नवे मशीन घेणे म्हणजे आठशे डॉलरच्या मिनिमम स्पेंडची (बोनससाठी करावयाच्या किमान खर्चाची) भ्रूणहत्या होय. (आमच्या मशीनचे पुढे काय झाले ते ओघाने येईलच.)

चार हजारांचा आकडा तरीही गाठला जात नसेल, तर मित्रपरिवार कामाला लावावा. एकेकाळी हॉटेलात बिल आले की मराठी माणसाला नेमके हात धुवायला जायचे सुचत असे. आता न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर आठ कुटुंबे जेवून तृप्त झाली आणि वेटरने काळे पाकीट टेबलावर ठेवले, की चार हात एकाच वेळी झेपावतात आणि "थांब, मी कार्डावर देतो, तुम्ही सगळे मला झेल करा" (म्हणजे 'झेल' या सेवेने आपापला वाटा माझ्या खात्यात पाठवा) हे वाक्य चार तोंडांतून एकाच सुरात निघते. त्यातल्या ज्याचे कार्ड धातूचे असते, तो ते मुद्दाम किंचित उंचावरून टाकतो, म्हणजे स्टीलच्या ताटलीवर पडून त्याचा टणत्कार होतो आणि उरलेले तीन हात आपोआप मागे जातात. मंडळाच्या गणेशोत्सवाचे हॉलभाडे, ढोल-ताशा पथकाचे शुल्क आणि तीनशे माणसांच्या मसालेभाताचा खर्च एकट्याच्या कार्डावरून जाऊ शकतो, हे लक्षात आल्यापासून खजिनदारपदासाठी निवडणूक घ्यावी लागते म्हणतात. पूर्वी त्या खुर्चीत माणसाला धरून बसवावे लागे. यावरही काही कमी पडल्यास केंद्र सरकारचा प्राप्तिकर आहेच. तो कार्डाने भरता येतो आणि त्यावर दोन टक्क्यांच्या आत-बाहेर वेगळी फी पडते, पण बोनसच्या आनंदात कर भरताना ज्याच्या चेहऱ्यावर हसू असते असा नागरिक घडवण्याचे श्रेय कार्ड कंपन्यांना द्यायलाच हवे.

आपल्या नावावर पुरेशी कार्डे झाली की अर्धांगिनीकडे वळावे. या क्षेत्रात नवऱ्याला प्लेअर वन आणि बायकोला प्लेअर टू म्हणतात, आणि प्लेअर वनने प्लेअर टूची शिफारस केली की शिफारशीचाही बोनस मिळतो. सप्तपदीत एकमेकांचा उल्लेख करून पॉइंट्स मिळवण्याबद्दल आठवे पाऊल नाही, ही आपल्या धर्मशास्त्राची राहून गेलेली बाब समजावी. मात्र जिच्या नावाने हा सगळा व्यवहार चालतो, तिला तो अधूनमधून सांगत जावे. बँकेचा फोन आल्यावर "माझ्याकडे तुमचे कार्ड आहे? नक्की?" असे उत्तर प्लेअर टूकडून गेले, की त्यानंतर घरात जे होते ते कुठल्याही कार्डाच्या विम्यात बसत नाही.

कार्डे ठेवायला मोज्यांचा खण चांगला. कोणत्या कार्डाची वार्षिक फी कोणत्या तारखेला पडते, कोणते कधी बंद करायचे, कशाचे किती पॉइंट्स यायचे राहिले आहेत, यासाठी एक्सेलमध्ये तक्ता करावा. ज्या माणसाला मुलांच्या दातांच्या डॉक्टरची तारीख कधी आठवत नाही, त्याच्या तक्त्यात तीन रंग आणि चौदा रकाने असतात. बंद केलेले धातूचे कार्ड कात्रीने कापण्याचा प्रयत्न करू नये, कात्री जाते.

आपण एकटेच असे आहोत का, असा प्रश्न मनात आल्यास पूर्वसूरींचे स्मरण करावे. कॅलिफोर्नियातले डेव्हिड फिलिप्स नावाचे स्थापत्य अभियंते १९९९ साली एका खाद्यपदार्थ कंपनीच्या विमान-मैलांच्या योजनेतले बारीक अक्षर वाचत बसले, पंचवीस-पंचवीस सेंटला मिळणारे पुडिंगचे १२,१५० डबे त्यांनी विकत घेतले, मैलांसाठी कंपनीला पाठवायची लेबले सोलायला माणसे हवी म्हणून सॅल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेच्या स्वयंसेवकांना मदतीला घेऊन त्या बदल्यात पुडिंग दान केले, साडेबारा लाखांहून अधिक मैल पदरात पाडून घेतले आणि वर त्या दानाची करसवलतही घेतली. पुढे अमेरिकेच्या टाकसाळीने एक डॉलरची नाणी लोकांच्या हातात खेळावीत म्हणून ती दर्शनी किमतीला घरपोच फुकट पाठवायला सुरुवात केली, तेव्हा आपल्यासारख्याच सुज्ञ लोकांनी ती खोक्यांनी क्रेडिट कार्डावर मागवली, न उघडता बँकेत नेऊन भरली आणि त्या पैशांतून कार्डाचे बिल चुकवले. नाणी टाकसाळीतून निघून बँकेत विसावली, पॉइंट्स तेवढे खेळत राहिले. २०११ मध्ये टाकसाळीने या नाण्यांसाठी कार्ड घेणे बंद केले. या परंपरेत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत: प्रत्येक वेळी कोणीतरी एकच माणूस पहिला असतो, आणि आपण तो कधीच नसतो.

आता बँकेची बाजू. ती खरे तर पाहूच नये, कारण ती एकदा पाहिली की नकाराचे आश्चर्य वाटेनासे होते. पण मार्गदर्शन परिपूर्ण असावे म्हणून सांगतो. आपण चार हजार डॉलर खर्च केले की दुकानदाराकडून साधारण दोन टक्के कापले जातात, म्हणजे ऐंशी डॉलर, आणि तेही सगळे बँकेकडे राहत नाहीत. या ऐंशींच्या बदल्यात तिने आपल्याला सहाशे दिले. उरलेली भर आपण दोन मार्गांनी घालावी अशी तिची माफक इच्छा असते: वर्षानुवर्षे तेच कार्ड वापरावे, किंवा एखाद्या महिन्यात बिल थकवून वीस टक्क्यांहून जास्त दराने व्याज द्यावे. आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा जुनाच धंदा आहे, फक्त आपण आवळा घेऊन, कोहळ्याचे नाव काढताच, तेराव्या महिन्यात कार्ड बंद करून चालते झालो. जो दर महिन्याला पूर्ण बिल भरतो, एक दिवसही उशीर करत नाही आणि छदाम व्याज देत नाही, त्याला या धंद्याच्या बोलीत 'डेडबीट' म्हणजे बुडव्या म्हणण्याची पद्धत आहे. बँकेला शेजारच्या आळीतले ते कुटुंब आवडते, जे बोनस घ्यायला विसरते पण फी भरायला विसरत नाही. आपला स्कोअर ८१० असतो. तो आपण कर्ज फेडाल की नाही हे सांगतो. आपल्याकडून काही सुटेल की नाही, हे बँक वेगळे पाहते.

म्हणून नियम आले. चेस बँकेचा म्हणून ओळखला जाणारा ५/२४ चा नियम २०१५-१६ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आला: गेल्या चोवीस महिन्यांत कोणत्याही बँकेची मिळून पाच किंवा अधिक वैयक्तिक कार्डे उघडली असतील, तर सहसा सहावे मिळत नाही. ही मर्यादा गाठण्याचा सर्वांत सुंदर मार्ग म्हणजे बायकोच्या कार्डावर स्वतःचे नाव जोडून घेणे, कारण तेही कार्ड आपल्या क्रेडिट रिपोर्टवर उमटते आणि मोजणीत येते. ज्या कार्डाचा बोनसही तिचा आणि पॉइंट्सही तिचे, त्या कार्डाने आपला पाचवा आकडा भरावा, यासारखा निष्काम कर्मयोग दुसरा नाही.

अमेरिकन एक्सप्रेसचा नियम अधिक धार्मिक आहे. एका प्रकारच्या कार्डाचा वेलकम बोनस आयुष्यात एकदाच. हे आपल्याला समजायला जड जाऊ नये, कारण मुंजही एकदाच होते आणि भिक्षावळीच्या ताटात पडलेली पाकिटे आवडली म्हणून बटूला पुढच्या वर्षी पुन्हा मांडवात बसता येत नाही. २०१८ पासून तर तिथे अर्ज भरून झाला की पडद्यावर एक चौकट उगवते आणि आपल्या आजवरच्या कार्डांचा व बोनसांचा इतिहास पाहता हा बोनस आपल्याला मिळणार नाही, असे नम्रपणे कळवते. कार्ड मात्र हवे तर मिळेल, अर्ज पुढे नेऊ का, असेही विचारते. पंगतीत पान मांडून, रांगोळी घालून, "वाढणार काही नाही, पण बसायचे असेल तर बसा" म्हणण्याची ही रीत आहे. या अवस्थेला जाणकार मंडळी 'पॉप-अप जेल' म्हणतात. सुटकेचा निश्चित उपाय कोणी सांगत नाही, पण असलेल्याच कार्डांवर श्रद्धेने खर्च करत राहिल्यास साडेसाती सुटते असा अनेकांचा अनुभव आहे, आणि तसा तो सांगणाऱ्यांच्या चेहऱ्यावर शनिवारी मारुतीला तेल घालून आलेल्या माणसाचे समाधान असते.

नकार आल्यावर लगेच खचू नये, फोन करावा. फेरविचारासाठी माणसाशी बोलता येते, आणि हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचे असेल तर याहून चांगली सोय नाही. मी एका बँकेला असा फोन केला. पलीकडच्या बाईंचा आवाज अतिशय गोड होता.

"आमच्याकडची तुमची चार कार्डे दिसत आहेत. या पाचव्याची गरज कशासाठी आहे?"

"प्रवासासाठी."

"तुमचे दुसरे कार्डही प्रवासाचेच आहे."

"हो, पण हे… वेगळ्या प्रवासासाठी आहे."

"दुसऱ्या कार्डावर गेल्या अकरा महिन्यांत एकही खर्च दिसत नाही."

अकरा महिने ते कार्ड मोज्यांखाली होते, हे मी त्यांना सांगितले नाही. त्यांनी मला होल्डवर ठेवले, सनईसारखे काहीतरी वाजले, आणि परत येऊन त्यांनी माझ्या निष्ठेबद्दल बँकेच्या वतीने आभार मानले. या देशात आभार कधी मानतात, हे आपल्याला एव्हाना ठाऊक असेल.

पुढे रीतसर पत्र येते. नकाराची कारणे कळवणे कायद्याने बँकेवर बंधनकारक असल्यामुळे त्यात ती छापलेली असतात: अलीकडे उघडलेली खाती फार, अलीकडे कर्जासाठी केलेल्या चौकशा फार. त्यातली प्रत्येक चौकशी आपल्या रिपोर्टवर दोन वर्षे राहते, आणि ज्या अर्जातून काहीच मिळाले नाही त्या अर्जाचीही राहते. हे पत्र जपून ठेवावे. त्याच दिवशीच्या टपालात, त्याच बँकेचा, आपल्याच नावाचा, साठ हजार पॉइंट्सचा दुसरा लिफाफा असण्याची दाट शक्यता आहे. तो पत्रावर ठेवून दोन्हींवरची नावे ताडून पाहावीत, स्पेलिंगसुद्धा एकच असते. हा विरोधाभास बँकेला कळवण्याच्या भानगडीत पडू नये. बोलावणारे खाते आणि नारळ देणारे खाते यांची आपसात भेट होत नसावी.

राहिले वॉशिंग मशीन. ते बंद पडून पाच आठवडे झाले. ज्या सेलमध्ये नवे मशीन आठशेला होते, तो आमचा अर्ज 'विचाराधीन' असतानाच संपला. दर शनिवारी दोन पिशव्या घेऊन आम्ही लॉन्ड्रोमॅटला जातो आणि प्लेअर टू माझ्याशी न बोलता मोजे वेगळे करते. आपल्यावर ही वेळ आल्यास जाताना रोख नोटा घेऊन जाव्यात, कारण क्वार्टर (पंचवीस सेंटची नाणी) सुटे करून देणारे तिथले यंत्र कार्ड घेत नाही, आणि आमची एकोणीसही लावून झालेली आहेत.