खरी मेख दालनाखाली होती

जपानी कलाकार चिहारू शिओताच्या ‘द की इन द हँड’ या मांडणशिल्पावरचा लेख आवडला, पण सगळा भर लाल धाग्यांवरच गेला. २०१५च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात जपानच्या दालनाखाली व्हिडिओही लावले होते. त्यात चिमुरडी पोरं स्वतःच्या जन्माच्या वेळच्या ‘आठवणी’ सांगतात! खरी मेख तिथे आहे. वयाच्या तिसऱ्या वर्षाआधीचं आपल्याला सहसा आठवत नाही. आईकडून ऐकलेलं, फोटोत पाहिलेलं मिसळून मेंदू आठवण रचतो आणि आपण ती छातीठोकपणे सांगतो. मोठेही त्यातलेच म्हणा. वर दालनातल्या त्या दोन होड्या, लाल धाग्यांनी छतापासून लोंबणाऱ्या, लोकांच्या हजारो जुन्या चाव्या देखण्या होत्याच, फोटोही त्यांचेच निघाले. पण लेखकाने या पोरांसाठी दोन ओळी तरी खर्चायला हव्या होत्या.