'इलुद'वरच्या रागाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली असली तरी मनापासून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

मॉर्बिड एंजल या अमेरिकन डेथ मेटल बँडच्या 'इलुद डिव्हिनम इन्सानस' (२०११) या अल्बमवरच्या लेखात मी म्हटलं होतं की श्रोत्यांचा राग समजण्यासारखा आहे, पण त्या रागाचं जे कारण दिलं जातं ते मला पटत नाही. त्यावर तुम्ही लिहिलंत की आठ वर्षं वाट पाहिलेल्या चाहत्यांना मी कान नसलेले ठरवलं. बँडचं नाव मोठं म्हणून मी सांभाळून घेतलं, नव्या पोरांनी हेच केलं असतं तर सोलून काढलं असतं. आणि डेथ मेटलमध्ये टेक्नोला, म्हणजे यंत्रांवर घडवलेल्या ठेक्याच्या संगीताला, जागा नाही हे उघड सत्य मी मान्य करत नाही. यंत्रं नसलेल्या 'किंग्डम्स डिस्डेन्ड' या पुढच्या अल्बमचा दाखलाही तुम्ही दिलात, त्याकडे नंतर येतो.

टेक्नोचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

हा नियम मॉर्बिड एंजलला लावायचा, तर तो १९९४ सालीच मोडला होता. स्लोव्हेनियाच्या लायबाख या इंडस्ट्रियल बँडने 'कव्हनंट' या अल्बममधली 'गॉड ऑफ एम्प्टिनेस' आणि 'स्वॉर्न टू द ब्लॅक' ही गाणी रिमिक्स केली आणि ती ईपी (छोटा अल्बम) मॉर्बिड एंजलच्याच नावाने निघाली. त्याच्याही आधी, १९९१ च्या 'ब्लेस्ड आर द सिक'मध्ये कीबोर्डवर वाजवलेले तुकडे आहेत, 'डेझोलेट वेज' ही निव्वळ अकूस्टिक गिटारवरची रचना आहे, आणि तो अल्बम बँडचा गिटारवादक ट्रे अझॅग्थॉथने मोत्सार्टला अर्पण केला होता. 'अल्टार्स ऑफ मॅडनेस' या पहिल्या अल्बमची सुरुवातच उलटी फिरवलेल्या रिफने, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याने, होते. हा बँड शुद्धतेसाठी कधीच ओळखला गेला नाही, आणि आपण सगळ्यांनी त्याच्यावर प्रेम केलं ते या आडवळणांसकट.

मग 'इलुद'मध्ये नेमकं काय बिघडलं?

ट्रेची रिफ सरळ रेषेत चालत नाही. ती ड्रम्सच्या अंगावर रेलते, मागे राहते, मध्येच पुढे घुसते. 'डॉमिनेशन' या अल्बममधलं 'व्हेअर द स्लाइम लिव्ह' ऐका. गाणं संथ आहे, पण त्यात एक क्षणही सैल नाही, कारण गिटार आणि ड्रम्स एकमेकांना सतत ओढत असतात, रस्सीखेचीत दोन्ही बाजूंना तुल्यबळ गडी असावेत तसे. वेगवान गाण्यांतही हेच घडतं. ड्रमर पीट सँडोव्हलचे ब्लास्ट बीट्स (अतिवेगवान, सलग ठोके) भिंतीसारखे उभे असतात आणि ट्रे त्या भिंतीवर वाकडंतिकडं काहीतरी कोरत जातो. माझ्या लेखी मॉर्बिड एंजल म्हणजे ही ओढाताण. आवाज, शब्द, मुखपृष्ठं हे सगळं नंतर.

आता 'इलुद'मधलं 'टू एक्स्ट्रीम!' लावा. किक सरळ, एकसारखी पडत राहते आणि गिटार तिला चिकटून तेवढेच तुकडे पाडत जाते. समोर ओढणारं कुणी नाही. सहा मिनिटं हे चालतं. 'डिस्ट्रक्टोस व्हर्सेस द अर्थ'मध्येही तेच, फक्त ठेका संचलनाचा आहे. लायबाखच्या रिमिक्समध्ये यंत्रं कमी नव्हती, पण त्यांच्याखाली 'गॉड ऑफ एम्प्टिनेस'ची रिफ होती, आणि ती रिफ कशालाही पुरून उरते. 'इलुद'च्या या गाण्यांत यंत्रांच्या खाली तेवढ्या तोलाचं काही ठेवलेलंच नाही. म्हणून दोष टेक्नोवर ढकलला की खरा प्रश्न सुटून जातो: या गाण्यांत ट्रे आहे कुठे?

'इलुद'चा ड्रमर टिम युंगवर तुम्ही काढलेला राग मला अन्यायाचा वाटतो. पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे सँडोव्हल नव्हता, म्हणून युंग आला. 'एक्झिस्टो व्हल्गोरे' आणि 'ब्लेड्स फॉर बाल'मध्ये तो जे वाजवतो त्यात उणं काढायला जागा नाही. सपाट ठेक्याच्या गाण्यांत ड्रमरला करण्यासारखं उरतंच किती?

अल्बमची मांडणीही बघा. एकूण ११ ट्रॅक. पहिला 'ऑम्नी पोटेन्स' ही प्रस्तावना. चार गाणी सरळ डेथ मेटल: 'एक्झिस्टो व्हल्गोरे', 'ब्लेड्स फॉर बाल', 'नेव्हरमोअर', 'ब्युटी मीट्स बीस्ट'. 'आय अॅम मॉर्बिड' आणि 'टेन मोअर डेड' मध्यम चालीची. उरलेली चार यंत्रांची. म्हणजे बहुसंख्य श्रोत्यांच्या मनात या अल्बमचं जे चित्र आहे ते एक तृतीयांश भागावरून तयार झालेलं आहे. पण प्रस्तावनेनंतर लगेच 'टू एक्स्ट्रीम!' ठेवणं हा बँडचा निर्णय होता, आणि बँडमध्ये परतलेला गायक डेव्हिड व्हिन्सेंट याचा आवाज स्टुडिओ अल्बमवर ऐकायला १६ वर्षं थांबलेल्या माणसाच्या कानावर पहिल्यांदा हे पडावं, ही त्या माणसाची चूक नव्हे. तुमच्या रागाला मी नावं ठेवली नाहीत, ठेवणारही नाही. इतका राग परक्या बँडवर कुणी करत नाही.

माझा खरा वाद आहे तो दुसऱ्या टोकाच्या श्रोत्यांशी, आणि माझ्या लेखाचा तो भाग तुमच्या नजरेतून निसटला असावा. 'काळाच्या पुढचा अल्बम', 'धाडस लागतं असं करायला' असं म्हणणारेही आहेत. यंत्रांच्या चार गाण्यांतलं 'रॅडिकल्ट' सात मिनिटांहून मोठं आहे आणि त्यात पुढचा काळ कुठेच नाही. तो नव्वदच्या दशकातला अमेरिकन इंडस्ट्रियल रॉक आहे, २०११ मध्ये पंधरा वर्षं जुना झालेला. मधल्या काळात व्हिन्सेंट जेनिटॉर्चरर्स या इंडस्ट्रियल रॉक बँडमध्ये होता, त्यामुळे ही वाट त्याच्या पायाखालची होती. पायाखालच्या वाटेने जाण्याला धाडस का म्हणायचं? धाडस 'ब्लेस्ड आर द सिक'मध्ये होतं. वेगाच्या शर्यतीत सगळे धावत असताना 'फॉल फ्रॉम ग्रेस'मध्ये त्यांनी पाय आवरता घेतला होता.

राहिला मोठ्या नावाचा मुद्दा. मला तर उलटंच दिसतं. 'ब्लेड्स फॉर बाल' एखाद्या अनोळखी बँडने काढलं असतं, तर तुम्ही आणि मी ते एकमेकांना आवर्जून ऐकवलं असतं. नाव मॉर्बिड एंजलचं होतं म्हणूनच ती चार डेथ मेटल गाणी यंत्रांच्या चारांखाली गाडली गेली. पुढच्याच वर्षी रिमिक्सचा संग्रह काढून बँडने स्वतःच त्या गाडण्याला हातभार लावला, हेही खरं.

'किंग्डम्स डिस्डेन्ड' (२०१७) मलाही आवडतो. गायक स्टीव्ह टकर परतला, यंत्रं गेली, निर्माता एरिक रुटनने ध्वनी दाट आणि जड ठेवला. श्रोत्यांनी सुटकेचा श्वास टाकला, मीही टाकला. पण सुटका होणं आणि अल्बम मनात मुरणं यात फरक आहे. 'गार्डन ऑफ डिस्डेन'मध्ये ती जुनी ओढाताण पुरेपूर आहे. इतर काही गाण्यांत मात्र ध्वनीच्या दाटपणात रिफ बुडते आणि अल्बम संपल्यावर हाताला फार लागत नाही. इथे एकही सिंथेसायझर नाही, तरी हे होतंच. म्हणून तुमचा हा दाखला मला माझ्याच बाजूचा वाटतो.

व्हिन्सेंट बाहेर पडल्यावर जुनी गाणी वाजवण्यासाठी त्याने जो बँड काढला, त्याचं नाव 'आय अॅम मॉर्बिड'. 'अल्टार्स'पासून 'डॉमिनेशन'पर्यंतची गाणी ऐकायला लोक या नावाच्या फलकाखाली गर्दी करतात, आणि नाव घेतलंय ते याच नकोशा अल्बममधल्या गाण्यावरून. ते गाणं मला बरं वाटतं, थोर वाटत नाही. पण गर्दीने एकसुरात ओरडावं म्हणूनच ते रचलंय आणि ते काम ते चोख करतं.

शेवटी तुम्ही विचारलंत की नवख्या श्रोत्याच्या हातात मी हा अल्बम देईन का. नाही देणार. आधी 'कव्हनंट' देईन, मग 'अल्टार्स', मग 'डॉमिनेशन'. तिथून तो स्वतःहून 'इलुद'पर्यंत आला, तर त्याला सांगेन की 'नेव्हरमोअर'पासून सुरू कर, मग 'ब्लेड्स फॉर बाल', आणि 'टू एक्स्ट्रीम!' सर्वांत शेवटी. तुम्हीही या क्रमाने एकदा ऐका. त्यानंतरही मत बदललं नाही तर तसं लिहा, फक्त त्या चार डेथ मेटल गाण्यांबद्दल वेगळं लिहा. तुमच्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत त्यांच्यावर एकही वाक्य नव्हतं.