आधी डाळीचे पैसे बाजूला काढा, दुधाचं मग बघू

वाद घालायचा तर खुशाल घाला, पण ज्या घरात महिन्याला पंधरा-सोळा हजार येतात त्या घरानं दुधावरचा खर्च कमी करून तो डाळीवर करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मी कोल्हापूर जिल्ह्यात बसून लिहितेय, म्हणजे शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितेय. कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्यांचा हा मुलूख.

मी इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी आहे. कुणाचं किती मीटर निघालं, कुणाचे खाडे, कुणाची उचल, सगळं माझ्या वहीत असतं. पगार आठवड्याला होतो. त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजत असेल याचा अंदाज मला पगाराच्या वहीवरूनच येतो. माझं स्वतःचं घरही याच हिशेबातलं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात माणसाचं दिवसाचं ताट दिलंय: धान्य 250 ग्रॅम, डाळ-कडधान्य 85 ग्रॅम (अंडी-मासे खाणाऱ्यांनी यातलं थोडं तिकडे वळवायचं), भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, दूध 300 मिली, शेंगदाण्यासारख्या तेलबिया 35 ग्रॅम, तेल 27 ग्रॅम. वाचायला बरं वाटतं. मी ते चौघांच्या घरासाठी आमच्या वाण्याच्या भावानं मांडून बघितलं. नुसती डाळ-कडधान्यं महिन्याला 10 किलो होतात! माझ्या ओळखीत दहा किलो डाळ आणणारं घर नाही, चार किलो आणलं तरी खूप. भाजी रोजची दीड किलोच्या वर. दूध रोज सव्वा लिटर, म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या वर. सगळं मिळून आकडा साडेआठ हजारांच्या घरात जातो. त्यात चहा-साखर, मसाला, गॅस धरलेला नाही. मुलं लहान असतील तर थोडं कमी लागेल, पण भाडं आणि लाईटबिल भरून साडेआठ हजार उरतात कुणाकडे?

म्हणजे काहीतरी कापायलाच लागतं. लोक कापतात ती डाळ. आमटी पातळ होत जाते, इतकी की ताटात भाताखाली नुसतं पिवळं पाणी दिसतं. दूध मात्र कापत नाहीत, कारण 'पोरांना दूध पाहिजे' हे डोक्यात पक्कं बसलंय. आणि त्या दुधातलं निम्मं जातं कुठे? चहात.

आता दहा रुपयांत किती प्रथिनं मिळतात ते बघा. भाव आमच्या गल्लीतले धरलेत, तुमच्याकडे थोडं इकडंतिकडं होईल. साठ रुपये लिटरच्या दुधात दहा रुपयांना पाचेक ग्रॅम. सात रुपयांच्या अंड्याच्या हिशेबानं आठ-नऊ ग्रॅम. तूरडाळीत सोळा-सतरा. शेंगदाण्यात सतरा-अठरा. आणि सोयाबीनच्या वड्या, ज्यांना आमच्याकडे 'गरिबाचं मटण' म्हणून नाकं मुरडतात, त्यात चाळीसच्या वर. मटण रश्शासारखं वाटण घालून केल्या तर माझी पोरं बोटं चाटून खातात. पाण्यात उकळून, पिळून, मग तेलावर नीट परतायच्या. हे न करता थेट रश्शात टाकल्या की त्यांचा तो वास राहतो आणि घरातले परत नाव काढत नाहीत.

दूध वाईट आहे असं मी म्हणत नाही. बाळाला, गरोदर बाईला, आजाऱ्याला आधी द्या. बाकीच्यांना चहापुरतं आणि विरजणापुरतं पुरे. कॅल्शियमचं काय, असं कुणी विचारणारच. नाचणीत ग्रॅमला ग्रॅम दुधाच्या दुपटीहून जास्त कॅल्शियम असतं, आणि ती पिकते आपल्याच जिल्ह्यात, आजरा-चंदगड-गगनबावड्याकडे. सकाळी नाचणीची आंबील, वर ताक. आमच्या आज्या हेच पीत होत्या.

पण भावाचा हा सगळा हिशेब एका ठिकाणी कोलमडतो. पगाराच्या संध्याकाळी कारखान्यामागच्या दुकानात उभं राहून बघा. समोरची बाई म्हणते, पावशेर तूरडाळ द्या, वीसचं तेल, पाचचा चहा, दहाचे शेंगदाणे. दुकानदार तेल मापानं प्लास्टिकच्या पिशवीत ओततो, गाठ मारतो. पावशेर डाळीचे चाळीस झाले, म्हणजे 160 रुपये किलो. तीच डाळ ठोक दुकानात पाच किलो एकदम घेतली तर 130. पाव पाव किलोनं घेणारा माणूस किलोमागे तीस रुपये जास्त मोजतो, आणि तो आमच्या वहीतला सगळ्यात कमी पगाराचा असतो. त्याला कुणी 'महिन्याचं बजेट करा' म्हणून सांगू नये. त्याचा महिना आठ दिवसांचाच असतो. मधेच पोराला ताप आला की तोही चार दिवसांचा होतो.

सरकार काय देतं? प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी 5 किलो धान्य, 2023 च्या जानेवारीपासून फुकट. याबद्दल नाव ठेवणार नाही, त्या धान्यावर कितीतरी घरं तगलीत. पण शहरातल्या घराला त्यात बसायला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59 हजार. महिन्याला पाच हजारसुद्धा नाही! माग चालवणारा एकटा कमावता असला तरी खरं उत्पन्न लिहिलं की तो बाहेर. आणि जे आत आहेत त्यांनाही मिळतं काय, तर गहू-तांदूळ. डाळ नाही. तमिळनाडूत रेशनवर तूरडाळ 30 रुपये किलोनं मिळते. तूर आपल्या मराठवाड्या-विदर्भात पिकते, लातूर-अकोल्याच्या मिलमध्ये भरडली जाते, आणि आपल्या कार्डावर ती येत नाही. 2022 च्या दिवाळीत शंभर रुपयांच्या आनंदाच्या शिध्यात किलोभर चणाडाळ होती. म्हणजे मनात आणलं तर देता येतं. सणाला गोडधोड करायला देण्यापेक्षा दर महिन्याला आमटीला द्या की.

अंड्याचीही तीच गत. 2023 च्या नोव्हेंबरात शाळेत आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्याला केळं. 2025 च्या जानेवारीत सरकारनं त्याचा पैसा काढून घेतला. आठवड्याला एक अंडं, त्यावरही यांची नजर गेली.

पाकिटांचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळेच बोलतात. दहा रुपयांच्या वेफर्सच्या पाकिटावरचं वजन वाचा आणि किलोचा भाव काढा. तेवढ्यात शेंगदाणे, फुटाणे आणि गूळ येतो. मात्र बारा तास उभी राहून आलेली आई पोराच्या हातात पाकीट देते तेव्हा तिला नावं ठेवणारे मला आवडत नाहीत. कडधान्य भिजवा, मोड आणा, वाटण करा, हे सगळं करायला घरात जागं माणूस लागतं.

भाजीचा प्रश्न थंडीत आपोआप सुटतो. मेथी, चाकवत, हरभऱ्याचा पाला, सगळ्या जुड्या स्वस्त. पावसाळ्यात भाव चढले की शेवग्याचा पाला बघा, कुणाच्या तरी परड्यात झाड असतंच आणि पाल्याचे पैसे कुणी घेत नाही.

आता आम्ही काय करतो ते. कारखान्यातल्या बायकांची भिशी होतीच, तिच्याच जोडीला डाळीची वेगळी भिशी सुरू केली. पगाराच्या दिवशी प्रत्येकीचे शंभर रुपये माझ्याकडे जमा. पैसे आधी काढायचे, घरी न्यायच्या आत, कारण घरी गेले की संपले. महिना भरला की ठोक दुकानातून कट्टा आणायचा आणि कारखान्याच्या काट्यावर वाटून घ्यायचा. मालकाला विचारून, बरं का. पहिल्यांदा भांडणं झाली, एकीला मूग पाहिजे, दुसरीला हरभरा. सध्या अख्ख्या मसुरावर सगळ्यांचं एकमत आहे: तुरीपेक्षा स्वस्त, भिजवायला विसरलं तरी कुकरला शिजतो, गॅस वाचतो, आणि आपल्या भागात मसूर आवडत नाही असं घर नाही. पुढच्या महिन्यात सोयाच्या वड्या ठोकात घ्यायच्या का, यावर अजून घोळ चाललाय. दोघी ठाम विरोधात आहेत. त्यांना माझ्या घरी जेवायला बोलावलंय.