रीमा लागू 'फक्त आई' कधी होत्या?

२१ जून (जन्मदिवस) किंवा १८ मे (स्मृतिदिन) जवळ आला की रीमा लागूंवरचा एक मजकूर फोनवर हमखास येतो. वर 'मैंने प्यार किया'मधला साडीतला हसरा फोटो, खाली हात जोडलेले चार इमोजी. मजकुराचा गोषवारा असा: नायिका व्हायला मिळालं नाही म्हणून बिचारीला तिशीतच आई व्हावं लागलं, पुढे जन्मभर तीच ती सोज्वळ आई केली, हिंदीत गेल्यावर नाटक सुटलं, आणि एवढं करून फिल्मफेअरने चार वेळा नुसतं नामांकनावर भागवलं. यंदा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो तीनदा पडला, तेव्हा म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

वयाचे आकडे खरे आहेत, ते आधी मान्य करू. रीमाताईंचा जन्म १९५८चा. 'कयामत से कयामत तक' (१९८८) मध्ये त्यांची मुलगी झालेली जुही चावला त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, 'मैंने प्यार किया'मधला मुलगा सलमान सात वर्षांनी. 'वास्तव'मधला मुलगा संजय दत्त तर जेमतेम एका वर्षाने. हिंदी सिनेमा बायकांना लवकर म्हातारं करतो ही तक्रार रास्तच आहे.

पण त्यावरून 'बिचारी' कुठून आलं? नायिका व्हायचं म्हणून स्टुडिओच्या दारात ताटकळणाऱ्यांपैकी त्या नव्हत्याच. आई मंदाकिनी भडभडे मराठी रंगभूमीवरच्या अभिनेत्री, म्हणजे घरात नाटक. नयन भडभडे हे त्यांचं माहेरचं नाव, लहानपणी 'बेबी नयन' म्हणून कामंही केलेली. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत, पुढे युनियन बँकेत नोकरी आणि नोकरी सांभाळून नाटकं. सिनेमातल्या सुरुवातीच्या कामांत 'सिंहासन', निहलानींचा 'आक्रोश', बेनेगलांचा 'कलयुग'. 'आक्रोश'मध्ये तर नाचणाऱ्या बाईचं काम. 'कयामत'च्याच सुमारास अरुणा राजेंच्या 'रिहाई'त, पुरुष शहरात कामाला गेलेल्या गावातली एक बाई त्यांनी उभी केली, आणि ती स्वतःच्या इच्छेला मुरड घालणारी नाही. 'मैंने प्यार किया'वाल्या बडजात्यांच्या सिनेमातली आई आठवणाऱ्यांनी तो सिनेमा एकदा बघाच. जरा दचकायला होईल.

आणि नायिका? रंगमंचावर त्या नायिकाच होत्या. जयवंत दळवींचं 'पुरुष' विजया मेहतांनी बसवलं, त्यात नाना पाटेकरांच्या गुलाबरावासमोर रीमाताईंची अंबिका. शाळेत शिकवणारी, आदर्शवादी बापाची मुलगी. गुलाबराव तिच्यावर बलात्कार करतो, घर उद्ध्वस्त होतं आणि शेवटी ती त्याचा असा सूड घेते की नाटकाचं नाव दुसऱ्यांदा वाचावंसं वाटतं. नानांच्या गुलाबरावाबद्दल लोक अजून बोलतात, ते ठीकच, पण समोर अंबिका कच्ची असती तर तो गुलाबराव नुसता आरडाओरडा ठरला असता. शेखर ताम्हाणेंचं 'सविता दामोदर परांजपे' त्याहून अवघड. त्यात कुसुम अभ्यंकर ही साधी संसारी बाई आणि तिच्यात शिरलेली सविता, दोघी एकाच देहात. नटीकडे आवाज, नजर आणि पाठीचा कणा एवढंच भांडवल, आणि कॅमेरा जवळ येऊन मदत करणार नाही. हे काम नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणाऱ्या बाईला 'नायिका व्हायला मिळालं नाही' म्हणताना जीभ चाचरायला हवी.

आता 'तीच ती आई'. १९९९ हे एकच वर्ष घ्या. ऑक्टोबरात 'वास्तव', नोव्हेंबरात 'हम साथ साथ हैं'. बडजात्यांच्या सिनेमातली आई मैत्रिणींच्या नादी लागून सावत्र मुलाला घराबाहेर काढते. सिनेमा गोडाचा असल्यामुळे आपण ते विसरतो, इतकंच. 'वास्तव'ची सुरुवात आठवा: समुद्रकाठी रघूचं (संजय दत्तचं पात्र) श्राद्ध चाललंय, नातू विचारतो हे कोणाचं, आणि आजी सांगू लागते. म्हणजे तो सगळा सिनेमा आईने सांगितलेला आहे. 'पचास तोला'ची नक्कल गल्लीतलं प्रत्येक पोर करतं, पण त्या प्रसंगात रघू ती सोन्याची साखळी दाखवतो आईलाच. मुलगा पैसा घरी आणतोय आणि तो कुठून येतोय हे न विचारण्याची मुभा आईला फार दिवस मिळणार नाही, हे तिथूनच दिसायला लागतं. शेवटी पिस्तूल तिच्याच हातात येतं, मुलाच्याच विनवणीवरून. या बाईला आणि 'मैंने प्यार किया'च्या आईला एकाच फोटोत कोंबायचं म्हणजे कमाल आहे.

मालिका तर मजकूरवाल्यांच्या गावीही नसतात. १९९४ साली 'हम आपके हैं कौन'मध्ये त्या माधुरीची आई होत्या आणि दूरदर्शनवर 'श्रीमान श्रीमती'त कोकी, जिच्यावर शेजारचा दिलरुबा लाइन मारतो. मग 'तू तू मैं मैं'मधली सासू, सुप्रियाशी शब्दाला शब्द भिडवणारी. विनोदात टायमिंग शिकवून येत नाही म्हणतात. मला वाटतं येतं, पण त्याला नाटकाचे प्रयोग लागतात.

नाटक सुटलं म्हणणाऱ्यांना दोनच नावं देतो: विक्रम गोखल्यांबरोबर 'के दिल अभी भरा नही' आणि मुक्ता बर्वेबरोबर 'छापा काटा'. दोन्ही, हिंदीत 'आई' म्हणून घरोघरी पोचल्यानंतरची.

फिल्मफेअरचं खरं आहे. चार नामांकनं, पुरस्काराची बाहुली एकही नाही. त्याचा जाब परीक्षकांना विचारा, त्यावरून अभिनेत्रीची कीव कशाला?

२०१७च्या मे महिन्यात, अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा 'नामकरण' मालिका सुरू होती. आदल्या संध्याकाळपर्यंत त्या सेटवर होत्या. भूमिका दयावंती मेहतांची: सगळ्या घराला धाकात ठेवणारी, कारस्थानी आजी.