तीन गोळ्यांत न्यूमोनिया बरा? त्या मेसेजचं काय करायचं

अमळनेरला माझं मेडिकल आहे. हिवाळा लागला की एक मेसेज गावभर फिरतो: ‘न्यूमोनिया थंडीने होतो. ताप नसेल तर न्यूमोनिया नाही. कफ पिवळा दिसला की अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या घ्या, दवाखान्याचे हजारो वाचवा.’ तोच मोबाइल पुढे करून लोक गोळ्या मागतात.

थंडीचं आधी उरकतो. थंडीत न्यूमोनियाचे पेशंट वाढतात हे खरं, पण शेतातल्या भरीत पार्टीला दोष देऊ नका. न्यूमोकॉकस हा यातला सगळ्यात नेहमीचा जंतू. तो धडधाकट माणसाच्या नाकाघशातही मुक्काम करून असतो. दारं लावून सगळे एका खोलीत बसले की फ्लू पसरतो, आणि फ्लूने छाती पोखरली की न्यूमोकॉकस किंवा स्टॅफिलोकॉकस आत शिरतो.

आता गोळ्या. अझिथ्रो या अँटिबायोटिकला न जुमानणारे न्यूमोकॉकस आता भरपूर आहेत. साखरेच्या किंवा दारूच्या पेशंटला गाठणारा क्लेबसिएला तिला दाद देत नाही. अमॉक्सिसिलिन ही दुसरी नेहमीची गोळी जंतूच्या पेशीभित्तिकेवर घाव घालते; उलट मायकोप्लाझ्मा या जंतूला पेशीभित्तिकाच नसते, म्हणून तिथे अमॉक्सिसिलिन फुकट आणि अझिथ्रो कामाची. व्हायरसला दोन्ही सारख्याच निरुपयोगी. बरं, पिवळ्या कफावरून यातलं काय ओळखणार? तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा, व्हायरसमध्येही येतो. अमेरिकेत 2015 साली छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, न्यूमोनियाने दवाखान्यात दाखल झालेल्या प्रौढांपैकी 62 टक्क्यांत सगळ्या तपासण्या करूनही जंतू सापडला नाही. आणि काही जण तर लिव्होफ्लॉक्सासिन हे वेगळंच अँटिबायोटिक मागतात! खोकला टीबीचा असला तर त्या गोळीने तो काही दिवस दबतो आणि निदान लांबतं.

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य तापाचं आहे. मागच्या पौषात एक पोरगा आला, म्हणाला, “ताप नही शे भाऊ, पन रातपाईन आबा कोनले ओयखतस नहीत. तीन गोळ्या दी द्या.” आबा बाहेर रिक्षात बसलेले, सत्तरी ओलांडलेली. कपाळ गार. घोंगडी बाजूला करून भिंतीवरच्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट श्वास मोजले: 34. पोराला वाटत होतं, वयामुळे बरळतायत.

म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. डॉक्टर तीव्रता जोखायला जी नेहमीची मोजणी वापरतात, तिच्यात तापाला गुणच नाही. ते पाच गोष्टी बघतात: भ्रम, रक्तातला वाढलेला युरिया, मिनिटाला 30 किंवा जास्त श्वास, वरचं बीपी 90 च्या खाली किंवा खालचं 60 पर्यंत उतरलेलं, आणि वय 65 किंवा पुढे. प्रत्येकीला एक गुण. दोन झाले की दाखल करायचा विचार, तीन म्हणजे गंभीर. आबांचे तीन तर रिक्षातच झाले होते. रिक्षा तशीच दवाखान्याकडे वळवली.

लहान पोरांचा हिशोब वेगळा. मूल शांत असताना पोटाकडे बघून मिनिटभर मोजा: दोन महिन्यांच्या आत 60, वर्षापर्यंत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40. एवढे किंवा याहून जास्त भरले, तर माझ्याकडे येऊ नका, थेट डॉक्टरकडे जा.

आबा आठ दिवसांनी घरी आले. ऑक्सिजन लागला, सलाइनमधून दोन अँटिबायोटिक लागली. जंतू कोणता होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही.