साडेबाहत्तर हजार रुपये किलो

“खेळणं आहे का जी?”

प्रश्न एवढाच होता. पण तो पोस्टाच्या काउंटरसमोर, रांगेतल्या चौदा माणसांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात विचारला गेला, आणि विचारणाऱ्या काकाजींशी माझी काडीचीही ओळख नव्हती. आज दहा दिवस झाले. आंघोळ करताना मला अजूनही त्याची एकाहून एक झणझणीत उत्तरं सुचतात. त्या दिवशी मात्र मी म्हणालो, “हो. म्हणजे, तसं नाही.”

मागची हकिगत थोडक्यात. माझ्याकडे रिमोटवर चालणारी एक गाडी आहे. एकास दहा प्रमाणातली, जपानी, मी स्वतः दीड महिना खपून जोडलेली. आमच्या स्कीमच्या, म्हणजे अपार्टमेंटच्या, पार्किंगमध्ये ती एका अॅक्टिवाच्या स्टँडवर आदळली आणि पुढच्या चाकाचा सस्पेन्शन आर्म मोडला. हा आर्म म्हणजे चाक गाडीला धरून ठेवणारा, करंगळीएवढा प्लास्टिकचा तुकडा. देशात ज्या तीन-चार ठिकाणी मिळू शकला असता तिथे नव्हता, म्हणून हाँगकाँगच्या एका ऑनलाइन दुकानातून मागवला. भाग ६२० रुपयांचा, टपालखर्च ९४०. सत्तावीस दिवसांनी निरोप आला, की पाकीट आलं आहे, ड्यूटी भरा आणि घेऊन जा.

या सत्तावीस दिवसांत मी ट्रॅकिंगचं पान जितक्या वेळा उघडलं तितक्या वेळा स्वतःच्या बारावीच्या निकालाचंही उघडलं नसतं. पाकीट मुंबईला आलं, तिथे नऊ दिवस बसलं, मग नागपूरला आलं, आणि दुसऱ्या दिवशी परत मुंबईला गेलं. कशाला गेलं? काही विसरलं असेल. ज्या गावात देशाचा मध्य समजला जाणारा झिरो माईलचा दगड उभा आहे, त्या गावाला कुठूनही यायला सारखंच अंतर पडावं अशी माझी भाबडी समजूत होती. पण सारखंच दूर म्हणजे सगळ्यांच्या शेवटी, हे त्या दगडावर कोणी कोरलेलं नाही.

तर काउंटर. मॅडमनी पाकीट उलटंपालटं केलं, चष्मा कपाळावर नेला आणि वरचं हिरवं लेबल मोठ्यानं वाचलं, “टॉय कार पार्ट.” मग माझ्याकडे पाहिलं. माझे केस कानांवर पांढरे झालेले आहेत, त्या दिवशी मी कॉलेजमधून थेट आल्यामुळे शर्ट खोचलेला होता आणि खिशाला लाल पेन होतं. “तेराशे चाळीस,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मागून तो प्रश्न आला.

काकाजींचं वय पंचाहत्तरच्या पुढे. पांढरा शर्ट, पायात बाटा, हातात रबरबँड लावलेली प्लास्टिकची पिशवी, तीत चार पासबुकं. मासिक उत्पन्न योजनेचं व्याज काढायला आले होते आणि त्यांना कसलीही घाई नव्हती. घाई नसलेल्या माणसाच्या पुढे रांगेत कधीही उभं राहू नये.

“कोनासाठी घेतलं?” त्यांनी पुढचं विचारलं.

इथे माणसानं खरं बोलावं. चव्वेचाळीस वर्षांचा, कनिष्ठ महाविद्यालयात बुककीपिंग शिकवणारा, कर्जाचे हप्ते भरणारा गृहस्थ आहे मी. माझी गाडी आहे, माझा पैसा आहे. पण चौदा माणसं ऐकत होती. मी म्हणालो, “भाच्यासाठी.”

भाचा मला आहे. तो पुण्यात असतो, सव्वीस वर्षांचा आहे आणि त्याला गाड्यांत अजिबात रस नाही.

“केवढा आहे भाचा?”

“आठ.”

खोट्याचं असं असतं, की पहिलं फुकट मिळतं आणि नंतरच्या प्रत्येकावर ड्यूटी लागते. त्यावरून मला माझी ड्यूटी आठवली. खिशातल्या पाकिटात हात घातला तर शंभराच्या तेराच नोटा निघाल्या. स्कॅनर बंद आहे, असं काचेवर चिकटवलेलं होतं. त्या कागदाचा पिवळा रंग पाहता स्कॅनर लावण्याआधीच तो चिकटवला असावा. चाळीस रुपये कमी. मी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं.

“हे घ्या ना जी,” म्हणत काकाजींनी दहाच्या चार नोटा काचेखालून आत सरकवल्या. “लेकराचं अडलं नाही पाहिजे.”

मी गेली एकोणीस वर्षं भागीदारीचे हिशेब शिकवतो. भांडवल कितीही कमी असलं तरी भागीदाराला पुस्तकं तपासायचा हक्क असतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. ते इतक्या लवकर माझ्यावर उलटेल असं वाटलं नव्हतं. पावती होताच काकाजी स्वतःचा नंबर सोडून माझ्यासोबत भिंतीकडच्या बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, “फोडा आता. पाहू तर द्या काय आहे.”

“घरी जाऊन फोडतो.”

“घरी मी कुठं येऊन राहिलो?”

त्यांनी खिशातून नेलकटर काढलं. आतून प्लास्टिकची एक काळी जाळी निघाली. हे भाग सुटे मिळत नाहीत. साच्यातून जसे निघतात तसे एका चौकटीला चिकटलेले दहाबारा तुकडे येतात आणि त्यातला आपल्याला हवा असतो एक. काकाजींनी जाळी तळहातावर घेऊन वजन केलं.

“किती ग्राम आहे?”

“चाळीस.” ते लेबलवरच होतं.

“अन् पडलं कितीले?”

मी सांगायला नको होतं. पण हिशेबाचा मास्तर बेरीज विचारल्यावर गप्प बसू शकत नाही. “भाग सहाशे वीस, टपाल नऊशे चाळीस, ड्यूटी तेराशे चाळीस. एकूण एकोणतीसशे.”

काकाजींनी डोळे मिटले, ओठ हलले. तोंडी हिशेब करणाऱ्या पिढीचा हा मोठा धोका आहे. “साडेबाहत्तर रुपये ग्राम,” ते म्हणाले. मग डोळे उघडून, अख्ख्या ऑफिसला उद्देशून म्हणाले, “साडेबाहत्तर हजार रुपये किलो! प्लास्टिक!”

रांगेतल्या एका बाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं ते मला अजून झोपेत दिसतं.

“मी सांगू का,” काकाजी समजावणीच्या सुरात म्हणाले, “आता तान्हा पोळा येऊन राहिला, लेकरांचा पोळा. लेकराले नंदी घेऊन द्या. लाकडाचा. इतवारीत मस्त भेटते. खाली चाकं, गळ्यात दोरी. बॅटरी नाही, रिमोट नाही, काही नाही. दोरी तुटली का दुसरी दोरी.”

“काकाजी, ते वेगळं, हे वेगळं.”

“वेगळं काय आहे त्यात? ह्याले चाकं, त्याले चाकं. आमच्या घरचा नंदी माह्या आज्याच्या वेळचा आहे. आतापावेतो एक चाक बदललं, बस.”

मी संधी साधली. “बदललंच ना चाक? तेच तर मी करतोय!”

“हव, बदललं. पण सुताराकडून. हाँगकाँगहून नाही आनलं.”

यावर काय बोलणार? जपानी किटमध्ये मोटर आणि शे-दीडशे तुकडे येतात पण रिमोट, चाकं वळवणारा सर्वो, बॅटरी, चार्जर सगळं वेगळं घ्यावं लागतं, हे त्यांना कसं सांगू? बॉडी पारदर्शक येते आणि तिला रंग आतल्या बाजूनं द्यायचा असतो. तो रंग पॉलिकार्बोनेटसाठी, म्हणजे बॉडीच्या प्लास्टिकसाठी, खास बनवलेला, पण दाबाच्या डब्यात भरलेला म्हणून विमानानं येत नाही. मी सीताबर्डीतून साधा स्प्रे आणून मारला, तर पहिल्याच धडकेत सगळा रंग पापुद्र्यासारखा सुटून पार्किंगभर उडाला आणि वॉचमननं तो दोन दिवस झाडला. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्याही तशाच अडकतात. १ एप्रिल २०१६पासून प्रवासी विमानात त्या माल म्हणून नेता येत नाहीत, त्यामुळे बाहेरची बरीच दुकानं बॅटरीचं नाव काढलं की तोंड फिरवतात. स्क्रूसुद्धा जपानी. दिसायला आपल्या स्टार स्क्रूसारखे, पण खाच किंचित वेगळी, त्यामुळे आपला पेचकस त्यांची डोकी खाऊन टाकतो. हार्डवेअरवाल्याला मी जेआयएसचा, म्हणजे या जपानी खाचेचा, पेचकस मागितला तेव्हा त्यानं विचारलं होतं, “तो कोनत्या गाडीले लागते?” मी खरं उत्तर दिलं असतं तर त्यालाही सुतार आठवला असता.

पण काकाजींच्या हिशेबाहून मला जास्त झोंबतो तो सरकारी हिशेब. जकातीच्या यादीत माझी गाडी ज्या ९५०३ नंबरच्या खणात पडते, त्यात तीनचाकी सायकली आहेत, बाहुल्या आहेत, बाहुल्यांच्या बाबागाड्या आहेत, कोडी आहेत आणि ‘छोट्या आकाराच्या प्रतिकृती, चालणाऱ्या असोत वा नसोत’ आहेत. आर्म मोडल्यापासून माझी ‘वा नसोत’मध्ये गेली आहे. या खणावरची ड्यूटी २०२०च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० केली आणि २०२३मध्ये ७०. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांचे सुटे भाग त्या वाढीतून वगळले होते म्हणे. आता हा काळा प्लास्टिकचा तुकडा मूळचा इलेक्ट्रॉनिक घराण्यातला आहे हे कोणत्या काउंटरवर जाऊन शपथेवर सांगू? ड्यूटी धरताना टपालखर्चही काही प्रमाणात धरतात, म्हणजे विमानात बसून आल्याचाही दंड. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. स्वस्त परदेशी मालानं इथले कारागीर बुडू नयेत, पोरांच्या तोंडात भलतंच प्लास्टिक जाऊ नये, हे मला कळतं, पटतंही. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांचं भलं होवो. पण चन्नपट्टण माझा सस्पेन्शन आर्म बनवत नाही. इथे कोणीच बनवत नाही. मग मी नेमका कोणाचा धंदा बुडवला, हे एकदा कोणीतरी समोर बसून सांगावं.

पूर्वी परदेशातल्या नातेवाइकानं पाच हजारांपर्यंतची भेट पाठवली तर ती सुटत असे. डिसेंबर २०१९मध्ये तेही बंद झालं. सूट राहिली फक्त दोन गोष्टींना, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. माझी मावसबहीण सिंगापूरला असते. राखीच्या गोंड्यात मोटरचा इवलासा पिनियन गिअर ओवून पाठवशील का, असं मी तिला खरंच विचारलं होतं. तिनं तेव्हापासून राखीच पाठवलेली नाही.

“मंग लावा ना तो हात,” काकाजी म्हणाले. त्यांना ‘आर्म’चं मराठी बरोबर सापडलं होतं.

मी जाळी उजेडात धरली. प्रत्येक जाळीवर इंग्रजी अक्षर असतं. मला हवी होती डी. ही बी होती.

दोनदा पाहिलं. मोबाईलवर ऑर्डर काढून पाहिली, तिथे डी. पाकिटावरच्या कागदावर डी. आत बी. म्हणजे पुढचे आर्म नाहीतच. गिअरबॉक्सचं झाकण आहे, बंपर आहे आणि कशाकशाचे टेकू आहेत, जे माझ्या गाडीवर सगळे धडधाकट आहेत.

“काय झालं?”

“चुकीचं आलं.”

काकाजी बराच वेळ त्या जाळीकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता परत किलोचा भाव निघणार. पण ते हळू आवाजात म्हणाले, “लेकरू रडन आता.”

आणि खरं सांगतो, त्या क्षणी लेकरू रडायच्या बेतातच होतं.

दुकानाला लिहिलं. त्यांचं उत्तर फार नम्र होतं. क्षमस्व, कृपया फोटो पाठवा. पाठवला. क्षमस्व, कृपया माल परत पाठवा, खर्च आपला, माल पोहोचल्यावर योग्य भाग रवाना करू. हाँगकाँगला पाकीट परत पाठवायचा खर्च पदरचा, शिवाय बरोबर भाग आला की ड्यूटी पुन्हा पहिल्यापासून. भरलेले तेराशे चाळीस परत मिळतात का, हे मी त्याच काउंटरवर विचारायला गेलो. मॅडम म्हणाल्या, “पाकीट फोडलं ना तुम्ही?” मी नेलकटरचं नाव घेतलं नाही.

परवा तान्हा पोळा आहे. त्याच दिवशी सकाळी काळी आणि पिवळी मारबत निघेल, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, मागून बडगे, तेही पुतळेच, निघतील, महागाईचे, खड्ड्यांचे, ज्याचं ज्याला छळतं त्याचे. मी कधी मिरवणुकीत ओरडलो नाही, पण यंदा गर्दीत उभा राहून ओरडणार आहे. ट्रॅकिंग नंबर घेऊन जा गे मारबत, हिरवं लेबल घेऊन जा गे मारबत. ही बी नंबरची जाळी देतो, तीही घेऊन जा.

राहता राहिले ते चाळीस रुपये. मी त्याच दिवशी मोबाईलवरून द्यायला निघालो, तर काकाजी म्हणाले, “आपन ते वापरत नाही,” आणि माझा नंबर पासबुकाच्या मागे लिहून घेतला. तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला फोन येतो. “लागला का जी हात?” मी म्हणतो, नाही. ते म्हणतात, “अरे बाप्पा.” मग दोघंही थोडा वेळ काही बोलत नाही. बायको विचारते कोणाचा फोन, तर मी ‘भागीदाराचा’ म्हणून सांगतो.

काल मात्र त्यांनी हाताचं विचारलं नाही. म्हणाले, माळ्यावरून नंदी उतरवला, धुतला, शिंगांना बेगड लावली. “तान्ह्या पोळ्याले चार वाजता भाच्याले घेऊन या. त्याले ओढू द्या. चाळीस रुपये तवाच घेतो.”

मी हो म्हणून बसलो आहे. स्कीममध्ये दुसऱ्या मजल्यावर एक आठ वर्षांचा मुलगा आहे. त्याच्या आईला अजून विचारलेलं नाही, कारण ती अॅक्टिवा तिचीच आहे.